रात्रीची क्वार्टर आणि सकाळची गाडी

गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला, की बोलणं घरातल्या भांडणावर नाहीतर पैशावर जातं. आज आम्ही दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल सांगणार आहोत. कारण त्या गाडीवर मागे आपणच बसलेल्या असतो: जिंतूरच्या बाजाराहून येताना मोटारसायकलवर, गंगाखेडकडच्या लग्नाला जाताना टेम्पोत, कापूस वेचायला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.

"थोडीच घेतलीय, काही होत नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. थोडी म्हणजे किती, याचं उत्तर कायद्यात आकड्यानं दिलेलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर तो गुन्हा. मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे, म्हणजे आपला कायदा त्यांच्यापेक्षा कडक आहे.

आता हा आकडा आपल्या मापात बसवू. देशी दारूत शंभर भागांत साधारण ४२-४३ भाग अल्कोहोल असतं. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमधून पोटात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल जातं. ६० किलो वजनाच्या गड्यानं ती भराभर संपवली, तर रक्तातला आकडा १५०च्या आसपास जातो, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. नुसती नव्वद घेतली तरी ७५. "बिअर ही काय दारू आहे का" म्हणणाऱ्यांसाठी: स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली शंभराच्या घरात नेते. हातभट्टीचा हिशोब करताच येत नाही. ती किती कडक आहे हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जेवण, वजन, तब्येत यानुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण तो तीसच्या आत यायला नुसती भाकरी खाऊन भागत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. चढलेली दारू उतरवतं ते काळीज नव्हे, यकृत, आणि त्याला घाई करता येत नाही. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, एवढाच त्याचा वेग. रात्री दहाला एक क्वार्टर संपली, तर सकाळी सहाला आकडा कसाबसा तीसवर येतो. दोन क्वार्टर झाल्या असतील, तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत तो माणूस कायद्यानं गाडीला हात लावण्याच्या लायकीचा नसतो. म्हणजे लग्नाच्या रात्री प्यायलेला टेम्पोवाला सकाळी तोंड धुऊन, चहा घेऊन, अगदी नीट बोलत आपल्याला न्यायला येतो, तेव्हाही रक्तात दारू असतेच. रोज पिणाऱ्याचं तर चालणंही लटपटत नाही. पण समोर म्हैस आली, की ब्रेकवर पाय पडायला उशीर होतो.

लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची आंघोळ, कडक चहा यांनी आकडा खाली येत नाही. पान किंवा शोपेनं वास झाकतो, पण पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राला वासाशी घेणं नसतं. रक्तातली दारू फुप्फुसातल्या हवेत उतरते, आणि यंत्र ती हवा मोजतं.

वेळेचं महत्त्व कायद्यालाही ठाऊक आहे. या गुन्ह्यात अटक झाली, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते; नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. अपघात मध्यरात्रीनंतरचा, आणि चालकाचं रक्त घेतलं सकाळी उशिरा. पुढे ते रक्तच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणून आपल्या माणसाला कोणी उडवलं, तर "चालकाची तपासणी लगेच करा" असं पोलिसांना तिथल्या तिथे सांगायचं. रक्त काढताना कातडी स्पिरिटनं पुसायची नसते, हेही लक्षात ठेवा.

पहिल्यांदा सापडला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार, किंवा दोन्ही. ट्रॅक्टरलाही हाच कायदा. शेतातली गाडी म्हणून सूट नाही. दंड शेवटी कोणाच्या बचतीतून जातो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिवाय चालक प्यायलेला निघाला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

लग्नाची किंवा मजुरीची गाडी ठरवताना भाड्याबरोबर चालकाचंही ठरवून घ्या. आदल्या रात्री कार्यक्रम असेल, तर दुसरा चालक सांगा. मुकादमाला एकटीनं विचारणं जड जातं. दहाजणी ट्रॉलीत चढायच्या आधी उभ्या राहिल्या, तर त्याला ऐकावं लागतं. रस्त्यात चालक प्यायल्याचं कळलं, तर वस्ती दिसेल तिथे गाडी थांबवायला लावा, उतरा आणि ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर चढतानाच पाहून ठेवलेला बरा.