गंभीर दुखापतीनंतर कष्टाच्या कामावर पुनरागमन : हमाल-माथाडी कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अंगमेहनतीवर उपजीविका करणाऱ्या व्यक्तीचे शरीर हेच तिचे भांडवल असते. त्यामुळे गंभीर दुखापत ही तिच्या बाबतीत केवळ वैद्यकीय घटना न राहता कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न बनते. 'हाड जुळले' आणि 'कामगार कामास योग्य झाला' या दोन भिन्न अवस्था आहेत. या दोहोंमधील अंतराचे स्वरूप प्रस्तुत लेखात हमाल-माथाडी कामगारांच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

हाडाची जुळणी व कार्यक्षमता :
नडगीचे हाड मोडल्यास ते जुळण्यास साधारणतः ४ ते ६ महिने लागतात. या काळात मांडी व पोटरीचे स्नायू क्षीण होतात, घोटा व गुडघा आखडतो आणि दमही कमी होतो. क्ष-किरण चित्रात यांपैकी काहीच दिसत नाही. ५० किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्यासाठी मात्र बळ, तोल व दम या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्याही दिवसभर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीने एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाच्या ओझ्यासाठी सुचविलेली ५५ किलोची मर्यादा नुकत्याच बऱ्या झालेल्या कामगारास लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणानेही शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि जीवनातील सहभाग यांत भेद केला आहे.

टप्प्याटप्प्याने पुनरागमन :
प्रथम सांध्यांची हालचाल, नंतर स्नायूंचे बळ आणि शेवटी प्रत्यक्ष कामासारखा सराव, असा पुनर्वसनाचा क्रम असतो. हलके ओझे जमिनीवरून उचलणे, ते घेऊन पायऱ्या चढणे, वजन व वेळ क्रमाने वाढविणे हे त्याचे टप्पे होत. सरावानंतरची सूज वा वेदना दुसऱ्या दिवशीही टिकल्यास भार कमी करणे आवश्यक ठरते. पुन्हा इजा होईल ही भीतीही अशा सरावानेच ओसरते.

व्यवस्थेतील अडचण :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही. त्यास समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. १९२३ च्या कायद्याने आणलेले नुकसानभरपाईचे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. परंतु भरपाई म्हणजे पर्यायी काम नव्हे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळांमार्फत नोंदणी व वेतनाची व्यवस्था निर्माण केली. तथापि, टोळीची मजुरी उचललेल्या मालावर ठरते व ती सर्वांत वाटली जाते, तेथे एकाने कमी ओझे उचलल्यास त्याचा भार इतरांवर पडतो. परिणामी कामगार एकतर अकाली पूर्ण ओझे उचलतो, किंवा व्यवसायच सोडतो.

निष्कर्ष :
वैद्यकीय प्रमाणपत्रात केवळ 'कामास योग्य' असा शेरा न देता किती वजन, किती तास व किती आठवडे हे नमूद होणे इष्ट ठरेल. पोती मोजणे, शिवणे, थप्पीवर देखरेख यांसारखी हलकी कामे मर्यादित काळासाठी राखून ठेवता येतील. या काळातील मजुरीची तूट टोळीवर न टाकता मंडळाच्या निधीतून भरून काढल्यास सहकाऱ्यांवरील ताणही टळेल. उपचार रुग्णालयात संपत असले, तरी पुनर्वसन कामाच्या जागीच पूर्ण होते.