नकाणे तलाव

नकाणे तलाव हा महाराष्ट्राच्या धुळे जिल्ह्यातील एक मानवनिर्मित जलाशय आहे. तो धुळे शहराच्या देवपूर या पांझरेपलीकडील उपनगरालगत नकाणे गावाजवळ आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या स्रोतांपैकी तो एक असून तापी पाणीपुरवठा योजना व डेडरगाव तलाव हे अन्य स्रोत आहेत. एकाच जलाशयाने माणसाची तहान भागवावी आणि मासेही जगवावेत, अशी अपेक्षा असल्याने त्याच्या पाण्याची गुणवत्ता महत्त्वाची ठरते.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

पांझरा ही तापीची उपनदी साक्री तालुक्यात उगम पावते आणि धुळे शहरातून वाहत जाऊन मुडावद येथे तापीस मिळते. या नदीवरील बंधारे आणि त्यांवर चालणारी फड बागायत ही खानदेशाची जुनी सिंचनपरंपरा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस प्रारंभ केला, आणि सुरुवातीच्या काळात त्यांची नेमणूक धुळ्यास झाली होती. दातर्ती येथील वक्रनलिकेचे काम त्यांनी याच काळात केले.

धुळे परिसर पर्जन्यछायेत येतो. तलावात पावसाच्या पाण्याखेरीज पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून कालव्याद्वारेही पाणी घेतले जाते. पावसाळ्यानंतर साठा क्रमाने घटत जातो व एप्रिल-मे महिन्यांत पाणी उथळ होते.

== पाण्याची गुणवत्ता ==

=== सामू आणि क्षारता ===
हा परिसर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या झिजेतून कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. त्यामुळे येथील जलाशयांचे पाणी सामान्यतः किंचित अल्कधर्मी असते. असे पाणी माशांना मानवते. मात्र सामू फार वाढल्यास पाण्यातील अमोनियाचा अधिकाधिक भाग विषारी रूपात जातो.

=== विद्राव्य प्राणवायू ===
पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीच्या दाबाला गोडे पाणी २० अंश सेल्सियस तापमानास लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. माशांचा श्वसनवेग मात्र तापमानाबरोबर वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

शेवाळ व पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री तो वापरतात. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. उन्हाळ्याअखेर ढगाळ हवा व पहिला जोराचा पाऊस यांमुळे तळचे प्राणवायुहीन पाणी वर मिसळल्यास एका रात्रीत मासे मरू शकतात.

=== पारदर्शकता ===
पाण्याची पारदर्शकता सेकी चकतीने मोजतात. ही पद्धत इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये वापरात आणली. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज बरोबर नाही. रोगजंतू व विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. उलट पाण्याची हलकी हिरवट छटा सूक्ष्म प्लवकांची असू शकते आणि प्लवक हेच अनेक माशांचे अन्न आहे. परंतु सांडपाणी व खतांमधील नत्र आणि स्फुरद वाढल्यास प्लवकांचा अतिरेक होतो. या अवस्थेस सुपोषण म्हणतात. शेवाळयुक्त पाण्याचे शुद्धीकरणही कठीण जाते.

=== मानके ===
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार वर्ग ठरवले आहेत. पारंपरिक शुद्धीकरण व निर्जंतुकीकरण करून पिण्यासाठी वापरावयाच्या पाण्यात ('क' वर्ग) लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विद्राव्य प्राणवायू असावा आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. वन्यजीव व मत्स्योत्पादनासाठीच्या 'ड' वर्गात प्राणवायूची मर्यादा तीच असून सामू ६.५ ते ८.५ व मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत असावा लागतो. प्राणवायूची अट दोन्ही वर्गांत एकच असल्याने माशांची स्थिती पाण्याच्या आरोग्याचा दर्शक ठरते.

== मत्स्यजीवन ==

महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या जलाशयांत मरळ, वाम, शिंगाळा, मागूर इत्यादी स्थानिक मासे आढळतात. व्यावसायिक मत्स्यपालनात मुख्यतः कटला, रोहू व मृगळ या तीन जाती सोडल्या जातात. कटला पृष्ठभागाजवळचे, रोहू मधल्या थरातील आणि मृगळ तळाचे अन्न खात असल्याने त्या एकत्र वाढवता येतात. या जाती साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे बोटुकली वेळोवेळी आणून सोडावी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाच्या साहाय्याने भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि मत्स्यबीजाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला.

मरळ व मागूर हे मासे हवेतूनही श्वसन करू शकतात. म्हणून केवळ मासे जिवंत आहेत एवढ्यावरून पाणी चांगले आहे असे ठरत नाही. कोणते मासे टिकून आहेत हे पाहावे लागते. १९५२ मध्ये भारतात आलेला तिलापिया प्रतिकूल पाण्यातही झपाट्याने वाढतो व अन्न आणि जागेसाठी स्थानिक जातींशी स्पर्धा करतो.

== तुलना ==

अमेरिकेतील टाहो सरोवर नितळपणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९६८ मध्ये सेकी चकती सरासरी सुमारे ३१ मीटर खोलीपर्यंत दिसत असे. अलीकडे ही खोली सुमारे २० मीटरवर आली आहे. अतिमासेमारी, परक्या जाती व प्रजननाच्या ओढ्यांची हानी यांमुळे तेथील मूळचा लाहोंटन कटथ्रोट ट्राउट मासा १९३० च्या दशकाअखेर नाहीसा झाला. थंड, खोल सरोवराचीही अशी हानी होत असेल, तर उथळ व उष्ण जलाशयात ती अधिक वेगाने होऊ शकते.

== संवर्धन ==

अशा जलाशयाच्या रक्षणासाठी पुढील उपाय उपयुक्त मानले जातात :

* सांडपाणी, कपडे व जनावरे धुणे आणि मूर्ती व निर्माल्य विसर्जन यांपासून तलाव मुक्त ठेवणे.
* काठावर गवत व स्थानिक झाडे राखून गाळ आणि खतांचा प्रवाह अडवणे.
* उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या भागातील गाळ काढून शेतात वापरणे.
* मासे टिकतील इतका किमान साठा उन्हाळ्याअखेरपर्यंत राखणे.
* बोटुकली सोडताना परक्या जाती मिसळू न देणे.
* प्राणवायू, सामू व पारदर्शकता यांची वर्षभर, विशेषतः पहाटेच्या वेळी, नोंद ठेवणे.