मामा, यात तू कोण आहेस?

मागच्या नाताळच्या सुट्टीत बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ लावला, तर चौदा वर्षांचा भाचा शेजारी येऊन बसला. पाचेक मिनिटं त्याने निमूट बघितलं. स्क्रीनवर माझी माणसं मेंढ्या कापत होती, झाडं तोडत होती, एक घोडेस्वार अंधारात वाट शोधत होता. मग त्याने विचारलं, “मामा, यात तू कोण आहेस?”

मी म्हणालो, “सगळेच.”

“म्हणजे कोणीच नाही,” तो म्हणाला, आणि फोन उचलून स्वतःच्या गेमकडे वळला.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझ्या पिढीतल्या खूप जणांनी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लॅन केबल ओढून, रात्रीच्या रात्री हा गेम खेळलाय. आमचा ग्रुप आता तीन-चार टाइम झोन्समध्ये विखुरलाय. शनिवारी रात्री, म्हणजे कुणाच्या तरी रविवारी पहाटे, आम्ही अजूनही भेटतो ते याच गेममध्ये. त्यामुळे ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम्स संपत चाललेत का?’ हा प्रश्न माझ्यासाठी नुसता बाजारातल्या चढउताराचा नाही. आमच्यानंतर हे कुणी खेळणार आहे का, असा तो आहे.

आधी, हा खेळ असतो काय

बुद्धिबळात तुम्ही चाल करता आणि थांबता. आता समजा, थांबायचंच नाहीये. दोघंही एकाच वेळी चाली करतायत, पटाचा बहुतेक भाग अंधारात आहे, आणि प्याद्यापासून हत्तीपर्यंत सगळं तुम्हालाच कमाई करून उभं करायचंय. हे झालं रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे आरटीएस.

‘एज ऑफ एम्पायर्स २’चं उदाहरण घेऊ. सुरुवातीला साधारणपणे तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी, एक टेहळणी करणारा घोडेस्वार आणि २०० धान्य असतं. एका नव्या गावकऱ्याला ५० धान्य लागतं आणि तो तयार व्हायला २५ सेकंदं. म्हणजे हातात चार माणसांपुरती शिदोरी. ती संपायच्या आत मेंढ्या शोधून आणल्या नाहीत, तर टाउन सेंटर रिकामं बसतं. ते दोन मिनिटं रिकामं बसलं, तर जवळजवळ पाच माणसं कमी पडली. शिवाय त्या पाच जणांनी पुढच्या अर्ध्या तासात जे लाकूड आणि सोनं आणलं असतं, तेही गेलं. उशिरा सुरू केलेल्या बचतीसारखं आहे हे, आज चुकलेला हप्ता शेवटी फार मोठा होऊन समोर येतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. आरटीएसमध्ये विसाव्या मिनिटाला झालेल्या पराभवाचं कारण बऱ्याचदा तिसऱ्या मिनिटाला घडलेलं असतं.

भरतीचा काळ

या प्रकाराचा साचा पक्का झाला १९९२ मध्ये, लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’मुळे. माउसने माणसं निवडायची, तळ बांधायचा, खनिज गोळा करायचं आणि त्यातून सैन्य उभं करायचं, हे सगळं तिथे एकत्र आलं. मग रांगच लागली. १९९४ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’, १९९५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’, १९९७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’, १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’, १९९९ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’. घरात पीसी आला होता, त्याला माउस होता, वरून दिसणारी छोटी छोटी शेकडो माणसं दाखवण्याइतकी ताकद त्यात आली होती. एकमेकांविरुद्ध खेळायला लॅन आणि इंटरनेटही नुकतंच आलं होतं.

दक्षिण कोरियात तर ‘स्टारक्राफ्ट’ हा राष्ट्रीय छंद झाला. १९९७च्या आर्थिक संकटानंतर तिथे ब्रॉडबँड झपाट्याने पसरलं आणि गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडले. पीसी बांग म्हणजे आपल्याकडच्या सायबर कॅफेचा थोरला भाऊ. ‘स्टारक्राफ्ट’च्या विकल्या गेलेल्या प्रतींपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या त्या देशात खपल्या. सामने टीव्हीवर दिसायला लागले, संघांना कंपन्यांचे प्रायोजक मिळाले.

मग ओहोटी. वेस्टवुड २००३ मध्ये बंद झाला. ‘एज ऑफ एम्पायर्स’ बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. कोरियात २०१० मध्ये मॅच-फिक्सिंगचं प्रकरण उघडकीला आलं आणि तिथली सांघिक ‘प्रोलीग’ २०१६ मध्ये थांबली. २०२० मध्ये ब्लिझार्डने ‘स्टारक्राफ्ट २’साठी नवा विकत घेण्याजोगा मजकूर काढणार नसल्याचं जाहीर केलं.

एवढंच वाचलं तर मृत्युलेख लिहायला घ्यावासा वाटेल. पण थांबा.

कशाचा ऱ्हास?

‘ऱ्हास’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे हिस्सा आणि दुसरी म्हणजे संख्या. १९९९ मध्ये गेम खेळायचा तर घरात पीसी किंवा कन्सोल हवा होता. आज प्रत्येकाच्या खिशात गेम आहे. भांडं एवढं मोठं झाल्यावर त्यातला जुना घोट लहानच दिसणार. घोट आटला, असं त्यावरून ठरत नाही.

आणि तो आटलेला नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि आजही रोज हजारो लोक ती खेळतात. एप्रिल २०२२ मध्ये तिच्यात ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही भर पडली. आधी अख्ख्या उपखंडासाठी ‘इंडियन्स’ अशी एकच संस्कृती होती, तिच्या जागी हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा चार आल्या. (मराठे नाहीत. खेळाचा भर मध्ययुगावर आहे, त्यामुळे तक्रार करायला फारशी जागा नाही.) त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात, खऱ्याखुऱ्या किल्ल्यात, या गेमची मोठी स्पर्धा झाली. तेवीस वर्षं जुन्या खेळाच्या मानाने ही तब्येत ठणठणीत म्हणायची. ‘एज ऑफ एम्पायर्स ४’ २०२१ मध्ये आला, ‘एज ऑफ मिथॉलॉजी’ २०२४ मध्ये नव्या रूपात आला. ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये फिनलंडच्या सेरालने २०१८ मध्ये ब्लिझकॉनचं जागतिक विजेतेपद जिंकलं. तिथवर पोचलेला तो पहिला बिगर-कोरियन खेळाडू.

पण ही यादी नीट बघा. जवळजवळ सगळी नावं जुनीच आहेत. नव्या नावाने उभं राहायला गेलेल्यांची वाट बिकट आहे. ब्लिझार्डमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘स्टॉर्मगेट’ काढला, चाहत्यांनी आधीच लाखो डॉलर्स दिले, २०२४ मध्ये तो खेळायला मिळाला, आणि काही आठवड्यांत गर्दी ओसरली. म्हणजे खेळणारे आहेत. नवे खेळ जन्माला येऊन टिकत नाहीत, आणि नवे खेळाडू आपणहून येत नाहीत. दुखणं तिथे आहे.

भाच्याचा प्रश्न

आता पुन्हा “तू कोण आहेस?” या प्रश्नाकडे येऊ.

२००३च्या सुमाराला ‘वॉरक्राफ्ट ३’च्या चाहत्यांनी त्यातल्याच साधनांनी ‘डोटा’ नावाचा नकाशा बनवला. तळ बांधणं काढून टाकलं, सैन्य आपोआप चालायला लावलं, आणि खेळाडूच्या हातात एकच नायक ठेवला. पाच जण विरुद्ध पाच जण. यातून पुढे ‘लीग ऑफ लेजंड्स’ (२००९) आणि ‘डोटा २’ (२०१३) आले. आरटीएसच्या पोटातून जन्मलेलं हे पोर आईपेक्षा कितीतरी मोठं झालं.

का? माझ्या मते तीन कारणं आहेत, आणि तिन्ही भाच्याच्या प्रश्नाशी जोडलेली आहेत.

पहिलं, पैसा. एकच नायक असला की तो ‘मी’ असतो. त्याला नवा पोशाख घ्यावासा वाटतो. ‘लीग ऑफ लेजंड्स’ फुकट मिळतो आणि अशा पोशाखांवर कमावतो. माझ्या दोनशे गावकरी-सैनिकांपैकी कुणाला कोण नवा सदरा घेणार? आरटीएस एकदाच विकला जातो, आणि कंपन्यांना आता तेवढं पुरत नाही.

दुसरं, हरणं. पाच जणांत हरलो तर दोष चौघांत वाटता येतो. हे काही उदात्त नाही, पण माणसाचं असंच असतं. आरटीएसमध्ये समोरासमोर हरलात तर खोलीत तुम्ही एकटेच असता.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे शिकणं. मघाशी पाहिलं तसं इथे चूक आणि तिची शिक्षा यांच्यात पंधरा-सतरा मिनिटं जातात. शिकाऊ खेळाडूला वाटतं, आपण लढाईत हरलो. खरं तर तो मेंढ्यांपाशी हरलेला असतो. चुकीचा परिणाम लगेच दिसला तर माणूस पटकन शिकतो. इथे तो इतका उशिरा दिसतो की कारण आणि परिणामाची सांगड कुणीतरी शेजारी बसून घालून द्यावी लागते. होस्टेलवर हे काम सीनियर करायचा. “अरे, टाउन सेंटर रिकामं बसलंय!” असं मागून ओरडणारं कुणीतरी असायचंच. एकट्याने, हेडफोन लावून, अनोळखी माणसाविरुद्ध खेळणाऱ्या मुलाला ते कोण सांगणार?

त्यात लक्षाचा प्रश्न. या गेममध्ये धान्य, लाकूड, सोनं आणि दगड अशा चार संपत्ती आहेत, पण खरी टंचाई पाचवीची, तुमच्या लक्षाची. डीपमाइंडच्या ‘अल्फास्टार’ने ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० हरवल्याचं २०१९च्या जानेवारीत जाहीर झालं, तेव्हा वाद झाला तो यावरच. तो डोक्याने जिंकला की माणसाला न जमणाऱ्या हाताच्या सफाईने? पुढच्या आवृत्तीला त्यांनी लगाम घातला, पाच सेकंदांत जास्तीत जास्त २२ कृती. तरी ती क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर गेली. पण लगाम घालावा लागला, हीच गोष्ट बोलकी आहे. या खेळात विचार आणि हात वेगळे काढणं सोपं नाही. फोनच्या काचेवर किंवा गेमपॅडवर हे जमवणं तर आणखी अवघड.

संगीत नाटकाचं काय झालं?

मला इथे संगीत नाटक आठवतं. एका रात्रीत कथा, अभिनय आणि राग, सगळं एकाच रंगमंचावर. बोलपट आले, रेडिओ आला, आणि या गाठोड्यातली एकेक गोष्ट वेगळी होऊन आपापल्या घरी गेली. नाट्यपदं आजही मैफलीत गायली जातात, पण पूर्ण संगीत नाटक क्वचितच बघायला मिळतं. आरटीएसचंही तसंच झालं. लढाई ‘डोटा’कडे गेली, गाव वसवणं शहर-बांधणीच्या खेळांकडे, आणि तळ बांधून हल्ला करणं ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या रूपात फोनवर. अंश टिकले, वाढलेही. कमी झालं ते सगळं एका डोक्यात एकाच वेळी सांभाळणं, स्वयंपाकघर आणि रणांगण दोन्ही.

फरक एवढाच की नाट्यपद नुसतं बसून ऐकता येतं. आरटीएस ज्याने शिकवून घेतला, त्यालाच त्याची चव कळते. म्हणून माझं मत असं, की या प्रकाराला बाजाराने मारलेलं नाही. तो आता शिकवणीवर जगणारा खेळ झालाय. थोरल्याने धाकट्याला शेजारी बसवलं तर चालू राहील, नाहीतर आमच्याबरोबर म्हातारा होईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाच्याला पुन्हा बोलावलं. दोघांनी मिळून एकच राज्य चालवायची सोय या गेममध्ये जुन्या आवृत्तीपासूनच आहे. (‘स्टारक्राफ्ट २’मध्येही २०१५ पासून ‘आर्कन मोड’ आहे, तो हाच प्रकार.) त्याला सांगितलं, “लढाई माझ्याकडे. तू फक्त गाव बघ. टाउन सेंटर रिकामं बसता कामा नये, बस.” लक्षाचं ओझं अर्धं झालं आणि चूक दाखवायला मी शेजारी होतोच.

पहिली दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग एकदम ओरडला, “मामा, लाकूड संपतंय! तू एवढे तिरंदाज कशाला बनवतोयस?”

तो डाव आम्ही हरलो, माझ्या तिरंदाजांमुळेच. पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉप त्याने उघडला होता. तुमच्या घरी कुणी बारा-चौदा वर्षांचं असेल तर हा प्रयोग करून बघा. गाव त्यांच्याकडे द्या, आणि लाकडाचा हिशेब मागितला तर रागावू नका.