टोकावरचे हिरवे ठिपके

सायटोजेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत घाई चालत नाही. हेपारिनच्या ट्यूबमधून आलेलं रक्त पोषक द्रावणात मिसळून ३७ अंशांवर ७२ तास ठेवायचं. पांढऱ्या पेशी विभागू लागल्या की कोल्सेमिड घालून त्यांना मध्येच अडवायचं, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायचं, मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लात स्थिर करायचं. मग थेंब स्लाइडवर सोडायचा. आमच्या तंत्रज्ञ ताई या थेंबाबद्दल फार काटेकोर. हवेत दमटपणा किती, यावरही गुणसूत्रं कशी पसरतील ते ठरतं.

अशाच एका स्लाइडवर एका विषाणूच्या डीएनएला चिकटणारा, चमकणारा प्रोब रात्रभर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सांडलेल्या शेवयांसारखी निळी गुणसूत्रं, आणि त्यातल्या एकाच्या अगदी टोकाला दोन हिरवे ठिपके, शेजारी शेजारी. ताईंनी स्लाइड सरकवली. पुढची पेशी, तेच गुणसूत्र, तेच टोक.

"लागण नाही ही," ताई म्हणाल्या, "आईबापांकडून आलंय."

हा ह्यूमन हर्पिसव्हायरस-६. १९८६ साली सापडला. तान्ह्या मुलांना तीन-चार दिवस सणकून ताप येतो, तो उतरताना अंगावर पुरळ उठतं, ते बहुधा याचंच काम. याच्या डीएनएच्या टोकांना जी अक्षरमाला आहे, तीच आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना, टेलोमियरला असते. म्हणून तो तिथे जोडला जातो. हे जोडणं कुणा पूर्वजाच्या बीजपेशीत घडलं, की पुढच्या बाळाच्या प्रत्येक पेशीत विषाणू, आणि त्याच्या निम्म्या शुक्राणूंत किंवा बीजांडांतही. जगात शंभरातल्या सुमारे एकाकडे हा वारसा आहे. बहुतेकांना त्याची गंधवार्ता नसते.

गोंधळ होतो तो पीसीआरच्या अहवालामुळे. प्रत्येक पेशीत एकेक प्रत असल्यावर रक्तातला आकडा लाखांत जातो, डॉक्टरांना जोरदार संसर्ग वाटतो आणि गॅन्सिक्लोव्हिरसारखं, अस्थिमज्जेला जड जाणारं औषध विनाकारण सुरू होऊ शकतं. हा वारसा नेहमीच निरुपद्रवी असतो असं मात्र नाही. क्वचित तो विषाणू जागाही होतो.

केसाच्या मुळाशी आणि नखांतही विषाणू सापडला, तर वारशाचीच शक्यता जास्त. तेव्हा असा लाखांतला आकडा हाती आला आणि लक्षणं जुळत नसली, तर औषध घेण्याआधी केस-नखांच्या या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.