हॅशमागे झाकलेल्या दोन गोष्टी

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्यासाठी जगभर ओपनएसएसएच वापरतात. त्याच्या सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली की वरच्या भागात एक ओळ दिसते: आधी #, त्याला चिकटून 'पोर्ट' आणि पुढे २२. नवशिका ती पाहून म्हणतो, हॅश लावलाय, म्हणजे हे बंद आहे. प्रत्यक्षात सर्व्हर २२ क्रमांकाच्या पोर्टवरच ऐकत बसलेला असतो. या फाइलीची रीतच तशी आहे. न सांगता जे मूल्य लागू होतं तेच लिहायचं आणि त्यावर हॅश टाकून ठेवायचा. वेगळं काही हवं असलं तरच हॅश काढून आकडा बदलायचा. थोडं वर नजर टाकली तर त्याच हॅशनं सुरू होणारी साधी इंग्रजी वाक्यं आहेत आणि ही रीत त्यांतच समजावून सांगितली आहे. यंत्राच्या लेखी समजावणारं वाक्य आणि झोपवलेली ओळ यांत काडीचा फरक नाही, दोन्ही वगळायची. वाचणाऱ्या माणसाला मात्र त्या फरकावरच निर्णय घ्यायचा असतो. यंत्रानं वगळायच्या अशा ओळींच्या, म्हणजे कमेंटच्या, चिन्हांबद्दल एरवी तक्रार होते ती त्यांच्या भाऊगर्दीची. माझ्या मते ती तक्रार चुकीच्या जागी आहे. खरी अडचण एकाच चिन्हावर टाकलेल्या या दुहेरी कामाची आहे.

भाऊगर्दी आहे हे मात्र खरं. फोरट्रानच्या काळात पंचकार्डाच्या पहिल्या रकान्यात 'सी' हे अक्षर असलं की ते कार्ड कमेंट समजलं जाई. बेसिकमध्ये आणि पुढे डॉसच्या बॅच फाइलींत 'रिमार्क'ची पहिली तीन अक्षरं आली. असेंब्ली लिहिणाऱ्यांचा सेमीकोलन विंडोजच्या आयएनआय फाइलींत आणि इंटरनेटच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या डीएनएसच्या झोन फाइलींत दिसतो. युनिक्सच्या घराण्यात हॅश रुळला, एसक्यूएलमध्ये जोड-डॅश, छपाईची पानं रचणाऱ्या टेकमध्ये टक्क्याचं चिन्ह, विम या एडिटरच्या फाइलीत दुहेरी अवतरणचिन्ह आणि एक्स विंडोजच्या फाइलींत उद्गारचिन्ह. नावांचा घोळ वेगळाच. आपण ज्याला हॅश म्हणतो त्याला अमेरिकेत फोनवरची सूचना 'पाउंड' म्हणते, तर ब्रिटिश कीबोर्डवर शिफ्ट धरून तीन दाबलं की चलनाचा खराखुरा पाउंड उमटतो. बेल लॅब्सच्या मंडळींनी त्याच चिन्हाला ऑक्टोथॉर्प म्हटलं, इंटरकल या थट्टेखातर रचलेल्या भाषेनं १९७२ मध्ये 'मेश', आणि युनिकोडच्या यादीत ते आहे 'नंबर साइन'. फोनवरून कुणाला सेटिंग सांगताना यानं पाच मिनिटं वाया जातील, पण त्यापलीकडे नुकसान नाही. एडिटर कमेंटच्या ओळी वेगळ्या रंगात दाखवतो आणि हाताला सवय होते.

मग साऱ्या जगानं एकच चिन्ह का ठरवू नये, असं कुणी विचारेल. कारण प्रत्येक चिन्ह कुठल्या ना कुठल्या मजकुरात आधीच कामाला लागलेलं असतं. टेकमध्ये 'व्याजदर ८%' असं सरळ लिहिलं तर टक्का आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं छापील पानावरून गायब होतं, आणि त्याबद्दल चूक दाखवली जात नाही. ईमेल खरी की बनावट हे तपासणाऱ्या डीकेआयएम पद्धतीत डोमेनच्या नोंदीत एक सार्वजनिक किल्ली ठेवावी लागते. त्या नोंदीतले भाग सेमीकोलननं वेगळे केलेले असतात. बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या झोन फाइलीत ती नोंद अवतरणचिन्हांविना टाकली तर पहिल्या सेमीकोलनपासून पुढचं सारं कमेंट ठरतं. उरतो फक्त आवृत्तीचा उल्लेख, किल्लीचा पत्ता नाही. फाइल मात्र बिनतक्रार चढते. मायएसक्यूएलच्या सेटिंगच्या फाइलीत पासवर्डमध्ये हॅश असेल तर तो अवतरणात ठेवावा लागतो, कारण तिथे हॅश ओळीच्या मधूनही कमेंट सुरू करतो. यामलमध्ये हॅशच्या आधी मोकळी जागा असेल तरच तो कमेंट, शब्दाला चिकटला असेल तर मजकुराचा भाग. अपाचेच्या सेटिंगमध्ये सूचनेच्या ओळीवर शेवटी कमेंट चालतच नाही, ती स्वतंत्र ओळीवर हवी. ही शेवटची तीन उदाहरणं एकाच चिन्हाची आहेत. चिन्ह एक केलं म्हणून नियम एक होत नाहीत.

दुहेरी कामाचा गुंता सोडवण्याचा एक जुना प्रयत्न मला फार शहाणा वाटतो. विंडोज आणि लिनक्सची यंत्रं एकमेकांच्या फाइली पाहू शकतील अशी सोय करणाऱ्या सांबाला हॅश आणि सेमीकोलन दोन्ही चालतात. त्याच्या नमुना फाइलीत लिहिणाऱ्यांनी जाहीरच केलं की समजावण्यासाठी # वापरू, आणि तुम्हाला चालू करावीशी वाटेल अशी ओळ ; मागे ठेवू. प्रोग्रामला दोन्ही सारखेच. पण वाचणाऱ्याला नजर टाकताच कळतं की इथे गद्य आहे आणि इथे सुप्त सूचना. सातबाऱ्यावर पूर्वी हक्क संपलेल्याचं नाव कंसात जाई आणि शेजारी फेरफार क्रमांक येई, म्हणून ते का गेलं याचा माग लागे. झोपवलेल्या ओळीला अशी वेगळी खूण बहुतेक फाइलींत नाहीच.

याउलट कमेंटच नको, असाही एक पक्ष आहे आणि त्याचा युक्तिवाद कच्चा नाही. माहिती लिहिण्याची जेसन ही पद्धत रचणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी कमेंट मुद्दाम काढून टाकल्या. लोक त्यांत वाचक-प्रोग्रामसाठी गुप्त सूचना भरू लागले होते आणि त्यानं एकाची फाइल दुसऱ्याला चालेनाशी झाली असती, असं कारण त्यांनी दिलं. ही भीती निराधार नव्हती. विंडोजच्या एलएमहोस्ट्स फाइलीत हॅश कमेंटचाच, पण त्याला चिकटून 'प्री' किंवा 'इन्क्लूड' आलं की ती यंत्राला दिलेली आज्ञा होते. युनिक्समध्ये स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला #! प्रोग्राम कोणी चालवायचा ते सांगतो. १९८० च्या जानेवारीत डेनिस रिची यांनी ही सोय जाहीर केली. शेलला ती ओळ कमेंटच वाटते, म्हणून ती बिनबोभाट खपते. तरीही क्रॉकफर्ड यांचा उपाय सेटिंगच्या फाइलींना मानवला नाही. दोन प्रोग्राममध्ये माहितीची देवाणघेवाण करायला जेसन उत्तम, पण माणूस हातानं बदलतो ती फाइल वेगळी. जेसनमध्ये सेटिंग लिहिणारे 'कमेंट' नावाची खोटी नोंद घालून तिच्यात टिपण लिहू लागले, म्हणजे जे यंत्रानं वाचू नये ते यंत्राला वाचायला लावू लागले. व्हीएस कोडनं आपल्या सेटिंगसाठी कमेंट चालणारं जेसनच स्वीकारलं.

राहिला फाइलींतल्या बदलांचा इतिहास राखणारं गिट वापरणाऱ्यांचा आक्षेप. जुन्या ओळी इतिहासात जपलेल्या असतात, मग त्या झोपवून ठेवायच्या कशाला, पुसूनच टाका. प्रोग्रामच्या मजकुरापुरतं हे मला मान्य आहे. सेटिंगच्या फाइलीत मात्र झोपवलेल्या ओळीतून दोन वेगळ्या गोष्टी कळतात: पूर्वी काय होतं आणि अजून काय करता येईल. गिट पहिली सांगतो. दुसरी त्याच्या इतिहासात नसते, कारण ती कधी लागूच झालेली नसते. शिवाय रात्री दोन वाजता बंद पडलेल्या सर्व्हरसमोर बसलेल्याला समोर असलेली फाइल वाचायची असते, तिचा इतिहास चाळायचा नसतो.

तेव्हा नवा सेटिंगचा साचा बनवणाऱ्यांनी कोणतंही चिन्ह घ्यावं, पण समजावणी आणि सुप्त ओळ यांना दोन वेगळी चिन्हं द्यावीत, आणि कमेंट ओळीच्या मधून सुरू होते की नाही हे दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर लिहावं. आणि आज जो कुणी एखादी ओळ कमेंट करून फाइल सेव्ह करणार असेल त्यानं तिच्यावर आणखी एक ओळ लिहावी: कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी.