खाणीतली नदी
(लेखमाला : घराचं साहित्य, भाग 7)

मागच्या भागात परळीच्या वीजकेंद्रातली राख सिमेंटच्या गोणीत कशी जाते ते पाहिलं. राख चालते, तर खाणीतला टाकाऊ माल वाळू म्हणून का चालू नये? गेवराईत हा प्रश्न पडावा यात नवल नाही. तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून गोदावरी वाहते, आणि तरी स्लॅब जवळ आला की वाळू कुठून आली, कोणत्या पावतीवर आली, हे विचारायची सोय नसते.

उत्तर नागपूरजवळ सापडतं. कोळशाच्या उघड्या खाणीत कोळशाआधी वरचा दगड-मातीचा थर काढावा लागतो. खाणवाले त्याला ‘ओबी’ म्हणतात आणि त्याचे डोंगर रचून ठेवतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सने, म्हणजे वेकोलिने, भानेगावच्या खाणीत या ढिगांतून वाळू वेगळी करायला घेतली. ती नागपूर सुधार प्रन्यासच्या घरकुलांना गेली. पुढे गोंडेगावला मोठा प्रकल्प झाला. त्याची क्षमता दिवसाला 2,500 घनमीटर, आपल्या भाषेत 880 ब्रास. उत्पादनखर्च सुरुवातीच्या काळात घनमीटरला 160 रुपयांच्या आसपास सांगितला गेला, म्हणजे ब्रासला साडेचारशे. हा आकडा वाचून गेवराईचा गवंडी हसेल.

एवढं स्वस्त कसं? तिथल्या कोळशावर कामठीचा वालुकाश्म आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली वाळूच ती, दाबाखाली दगड झालेली. दगड फोडला, धुतला, चाळला की कण पुन्हा मोकळे. वेकोलिने वाळू बनवली नाही, जुनी नदी उकरली.

पण याला खाणगाळ समजू नका. धातूच्या खाणीत दगड पिठासारखा दळतात, कारण अडकलेला धातू त्याशिवाय सुटत नाही. धातू काढून उरतो तो गाळ. हे पीठ पाणी फार मागतं, आणि पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते. शिवाय त्यात गंधकाची खनिजं राहिली तर हवा-पाण्याने ती बदलतात, सिमेंटशी भांडतात आणि काँक्रीट आतून फुगून तडकतं. शिसं, आर्सेनिक पाण्यात उतरण्याची भीती वेगळीच. म्हणून असा गाळ तपासल्याशिवाय घराच्या कॉलममध्ये घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेव्हर ब्लॉक, विटा, रस्त्याचा भराव इथे तपासून वापरायला हरकत नाही.

आता गेवराईचं. नागपूरची वाळू इथे येणार नाही. चारशे किलोमीटरच्या वर भाडं भरलं की स्वस्ताई वाटेतच संपते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, आणि आपली खाण म्हणजे खडीक्रशर. तिथला टाकाऊ माल म्हणजे कच. गोंधळ इथेच होतो. क्रशरखाली साचलेली कच म्हणजे क्रश सँड नव्हे. कचीत चपट्या चिपा आणि पीठ दोन्ही असतं. क्रश सँडसाठी दगड वेगळ्या यंत्रात आपटून कणांना गोलाई आणतात आणि जास्तीचं पीठ धुऊन किंवा हवेने काढतात. भारतीय मानक 383 नुसार 75 मायक्रॉनपेक्षा बारीक माल नदीच्या वाळूत 3 टक्के चालतो, फोडलेल्या दगडाच्या वाळूत 15 टक्के. वाळूतला बारीक माल बहुधा माती असतो, तो कणांना चिकटतो आणि सिमेंटला धरू देत नाही. दगडाचं पीठ तेवढं वाईट नसतं.

हायवा रिकामा होण्याआधी काचेची बाटली घ्या. अर्धी वाळू, वरून पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा जाड थर बसला, तर गाडी परत पाठवा.