चागास रोग : जंतू एकच, मग सर्वांचेच हृदय का बिघडत नाही?



उसाच्या लागणीत ब्राझील देश जगात पुढे आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या देशाच्या दक्षिणेस सांता कातारिना राज्यात २००५ साली रस्त्याकडेच्या रसवंतीतला ताजा रस पिऊन वीसहून अधिक माणसे तापाने आजारी पडली, काही दगावलीदेखील. ढेकणाच्या जातीचे किडे उसाबरोबर चरकात चिरडले गेले आणि त्यांच्या पोटातला जंतू रसात उतरला, असा निष्कर्ष निघाला. हाच चागास रोग. आपल्याकडे तो नाही, तेव्हा रसवंतीवाल्यांनी धसका घेऊ नये. आम्ही लिहितो आहोत ते वेगळ्या कारणाने. गटात फिरताना "आमच्या घराण्यातच हार्टचा आजार आहे, त्याला करायचे काय?" असे पुष्कळदा कानावर येते. घराण्याचा वाटा किती, हे या रोगावरून चांगले उमगते.

१९०९ साली डॉ. कार्लुस चागास यांनी ब्राझीलमधील लासांस गावी हा रोग शोधून काढला. हा किडा कुडाच्या, मातीच्या घरांत भिंतीच्या भेगांत राहतो व रात्री झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावतो, म्हणून तिकडे त्याला 'न्हावी' म्हणतात! चावता चावता तो तिथेच विष्ठा टाकतो. माणूस खाजवतो आणि जंतू आत शिरतो. सुरुवातीचा ताप बहुधा आपोआप उतरतो, पण जंतू शरीरातून जात नाही. पुढे दहा, वीस, तीस वर्षांनी सुमारे तिघांपैकी एकाचे हृदय बिघडते. स्नायूला सूज राहते, त्या जागी चिवट व्रण तयार होतात, ठोक्यांची लय चुकते, आणि एखादा चांगला चालताबोलता माणूस अचानक जातो. बाकीच्या दोघांचे हृदय बिघडत नाही. डॉ. चागास यांना ज्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात जंतू प्रथम सापडला, ती सत्तरी ओलांडेपर्यंत जगली. म्हातारपणीही तिच्या रक्तात जंतू होता, हृदय मात्र या रोगाने बिघडले नव्हते.

असे का? को ७४० वाणावर काणी किती येई, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. शेजारच्या दुसऱ्या वाणाला तीच काणी एवढी लागत नसे. पण उसाचे बेणे कांड्याचे, म्हणून एका वाणाच्या साऱ्या बेटांचा पिंड एकच. माणसाचे तसे नाही. सख्ख्या भावांतही आईबापाच्या जनुकांची वाटणी निरनिराळी होते.

एखादे जनुक किती मोठे काम करते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच मिळाला. जनावरांच्या सर्रा रोगाचा जंतू हा चागासच्या जंतूचा भाऊबंद. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन त्याला मारून टाकते, म्हणून सर्रा माणसाला सहसा होत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात २००४ साली तो सापडला. तपासणीत कळले की, आईकडून व बापाकडून आलेली त्या प्रथिनाची दोन्ही जनुके सदोष होती. उपचाराने तो बरा झाला.

चागासच्या हृदयविकारात मात्र एकाच जनुकावर बोट ठेवता येत नाही. शरीराने जंतूवर किती जोराने तुटून पडावे हे ठरविणाऱ्या अनेक जनुकांचा थोडाथोडा संबंध शास्त्रज्ञांना दिसला आहे, पण एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जुळतोच असे नाही. त्यातल्या त्यात आम्हांला पटणारे काम आहे ते ज्या कुटुंबांत अनेक भावंडांना लागण झाली आहे त्यांचे. साव पावलू येथील हृदयरोग संस्थेच्या व फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी अशी घरे तपासली. ज्यांचे हृदय बिघडले त्यांच्यात, पेशीला शक्ती पुरविणाऱ्या भागाच्या जनुकांत दुर्मिळ दोष आढळले. म्हणजे सूज सगळ्यांनाच येते, पण ज्याच्या हृदयाचे इंजिन मुळात कमी ताकदीचे, ते त्या सुजेखाली लवकर दमते, असा त्यांचा तर्क आहे. शिवाय जंतूच्याही जाती अनेक, आणि लागण पुनःपुन्हा झाली का, हेही पाहावे लागते.

एक मात्र नक्की. जनुक कितीही सदोष असो, जंतू आत आला नाही तर हा विकार होत नाही. ब्राझीलने भिंती लिंपल्या, घराघरांत फवारणी केली, रक्तपेढीत रक्त तपासले, आणि २००६ साली तिथल्या मुख्य जातीच्या घरातील किड्यापासून होणारी लागण थांबल्याचे जाहीर झाले. तीच जनुके घेऊन जन्मलेली पुढची पिढी या विकारातून बरीचशी सुटली. ज्यांना आधीच लागण झाली आहे, त्यांच्यासाठी बेन्झनिडाझोल हे औषध आहे. लहान वयात ते चांगले लागू पडते. हृदय बिघडल्यावर दिले तर जंतू कमी होतात, पण हृदयाची घसरण थांबत नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. म्हणून ज्यांना लागण आहे पण त्रास काही नाही, अशांनाही तिकडचे डॉक्टर वर्षातून एकदा ईसीजी काढायला बोलावतात.